डाव अर्धा टाकून उठलेल्याच्या चिप्सचं करायचं काय?

शनिवारची रात्र, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक बेसमेंट, आठ मराठी डोकी, पत्त्यांचे दोन कॅट आणि पोकरची टूर्नामेंट. प्रत्येकी ५० डॉलर प्रवेश फी, म्हणजे एकूण ४०० डॉलर. पहिल्याला २००, दुसऱ्याला १२०, तिसऱ्याला ८०. सुरुवातीला प्रत्येकाला दहा हजारांच्या चिप्स, म्हणजे पणाला लावायच्या चकत्या. साडेदहापर्यंत तिघं बाद होऊन वर चिवडा खात बसले होते आणि टेबलावर पाच जण उरले होते. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. ते त्या रात्री ऑन कॉल होते. 'निघावं लागणार रे,' म्हणाले आणि जॅकेट घालायला लागले. त्यांच्यासमोर बरोब्बर दहा हजारांच्या चिप्स होत्या.

मग वाद सुरू झाला. एक म्हणाला, चिप्स पेटीत टाका, म्हणजे खेळातूनच काढा. दुसरा म्हणाला, सगळ्यांत सारख्या वाटा. तिसरा म्हणाला, डॉक्टरांचे ५० डॉलर परत द्या. मी यजमान, त्यामुळे निकाल माझ्याकडे. मी चिप्स पेटीत टाकायला लावल्या आणि डॉक्टर रिकाम्या हाताने हॉस्पिटलला गेले. तो निकाल चुकीचा होता. का चुकीचा, हे मला पुढच्या आठवडाभरात आकडेमोड करताना कळलं.

लहानपणी बदाम सात किंवा झब्बू खेळताना कोणी मध्येच उठलं तर प्रश्नच नसायचा. 'याची पानं तू घे' म्हणून शेजारच्या भावंडाला बसवायचं, नाहीतर पुन्हा पिसून वाटायचं. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या साध्या पोकरमध्ये, ज्याला कॅश गेम म्हणतात, तिथेही अडचण नाही. तिथली चिप म्हणजे रोख पैसा. दहा डॉलरची चिप दहा डॉलरला वटते. उठायचं, चिप्स मोजून पैसे घ्यायचे, चालायला लागायचं.

टूर्नामेंटमधली चिप मात्र पैसा नसते. पन्नास डॉलरला दहा हजार चिप्स मिळाल्या म्हणून दोनशे चिप्सचा एक डॉलर होत नाही. कारण चिप्स कोणी वटवतच नाही. बक्षीस मिळतं ते कोण कितवा बाद झाला यावर. ज्याच्याकडे शेवटी सगळ्या ऐंशी हजार चिप्स जमतात त्यालाही ४०० नव्हे, २०० डॉलरच मिळतात. उरलेले २०० अशा दोघांना मिळतात ज्यांच्याकडे शेवटी एकही चिप नसते! चिप म्हणजे टिकून राहण्याचं इंधन, एवढंच. म्हणून कोणी उठला की त्याच्या इंधनाची किंमत काय, हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा बराच अवघड होतो.

कसिनोंमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे. टूर्नामेंट चालवणाऱ्यांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संघटना २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि तिचे नियम आज बहुतेक मोठ्या स्पर्धांत वापरले जातात. माणूस उठून गेला तरी त्याचा चिप्सचा ढीग जागेवरच राहतो. दर डावात त्याला पानं वाटली जातात. वाटप पूर्ण होईपर्यंत तो खुर्चीवर नसेल तर त्याची पानं मेली असं धरतात आणि डीलर ती ओढून घेतो. त्याची पाळी आली की ब्लाइंड मात्र त्याच्या ढिगातून कापला जातो.

ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच भरायची सक्तीची रक्कम. बटण म्हणजे वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती. तिच्या डावीकडचा पहिला माणूस स्मॉल ब्लाइंड भरतो, त्याच्या डावीकडचा बिग ब्लाइंड. बटण दर डावाला एक घर पुढे सरकतं, त्यामुळे प्रत्येकाला फेरीत एकदा दोन्ही भरावे लागतात आणि ठरावीक मिनिटांनी ही रक्कम वाढत जाते. रिकाम्या खुर्चीसमोरचा ढीग असा हळूहळू विरघळतो. पोकरवाले याला 'ब्लाइंड ऑफ होणं' म्हणतात.

हळूहळू म्हणजे किती हळू? आमच्या टेबलावर त्या वेळी ब्लाइंड ३००-६०० होते आणि दर वीस मिनिटांनी वाढत होते. आम्ही स्वतःच पिसतो, वाटतो, मध्ये चहा होतो, त्यामुळे वीस मिनिटांत आठेक डाव. पाच जणांची एक फेरी म्हणजे पाच डाव, एका फेरीला ९०० चिप्स. पहिल्या वीस मिनिटांत साधारण चौदाशे गेले असते, मग ४००-८०० ला एकोणीसशे, ५००-१००० ला चोवीसशे, ६००-१२०० ला जवळपास एकोणतीसशे. म्हणजे ऐंशी मिनिटं झाल्यावरही डॉक्टरांच्या ढिगात तेराशे-चौदाशे चिप्स शिल्लक असत्या! मधल्या काळात कोणी बाद झालं तर फेरी छोटी होते आणि ढीग लवकर संपतो, पण तरी तास-सव्वा तास सहज. एक गंमत अशी की त्याच टेबलावर एकाकडे आठ हजारच चिप्स होत्या. तो नुसती पानं टाकत बसला असता तर डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीच्या आधी बाद झाला असता.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर १९९० सालची लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर बघा. मुख्य स्पर्धेत १९४ खेळाडू होते. स्टू अंगर हा १९८० आणि १९८१ चा विजेता भरपूर चिप्स घेऊन आघाडीवर होता. तिसऱ्या दिवशी तो खेळायला आलाच नाही. अमली पदार्थांमुळे हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध पडलेला सापडला. त्याचा ढीग टेबलावर तसाच ठेवला गेला, डीलर दर फेरीला ब्लाइंड कापत राहिले आणि खुर्चीवर कोणी नसताना अंगर नववा आला. बक्षिसाची रक्कमही मिळाली. शुद्धीवर नसलेल्या माणसाने शुद्धीवर असलेल्या कितीतरी जणांना मागे टाकलं. (त्याचं पुढचं आयुष्य वाईट गेलं. १९९७ मध्ये तो तिसऱ्यांदा जिंकला आणि पुढच्याच वर्षी वारला.)

ढीग टेबलावर ठेवण्यामागचा विचार सोपा आहे. त्या चिप्स कोणाच्या तरी आहेत, त्याने त्यासाठी पैसे मोजलेत, आणि तो परत येऊ शकतो. शिवाय ढीग एकदम नाहीसा झाला तर इतरांचं गणित एका क्षणात बदलतं. विरघळू दिला तर चिप्स निदान खेळातून, पाळीपाळीने, फिरत जातात. स्पर्धेतून हाकलून दिलेल्या खेळाडूला वेगळा नियम आहे. त्याच्या चिप्स खेळातून काढूनच टाकतात. मी डॉक्टरांना लावला तो नियम लबाडी करून पकडलेल्या माणसाचा होता.

कधीकधी हाकलणं आणि निघून जाणं यांच्यामधलीही अवस्था येते. २०२० च्या डिसेंबरात, कोविडच्या काळात, याच वर्ल्ड सिरीजच्या अमेरिकेतल्या अंतिम टेबलावर नऊ जण पोहोचले होते. त्यातला उपेष्का डिसिल्व्हा खेळ सुरू होण्याआधीच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाला. त्याचा दोष काहीच नाही. पण नियम आधी छापलेला होता, त्यामुळे त्याला नवव्या क्रमांकाचे ९८,८१३ डॉलर देऊन बाहेर ठेवलं आणि बाकीचे आठ खेळले. कठोर वाटतं. पण तो नियम त्याच्याकडे बघून रचला नव्हता, हेही तितकंच खरं.

आता ब्लाइंड कापत राहण्याच्या पद्धतीतली खोट. रिकामी खुर्ची सगळ्यांना सारखी फायद्याची नसते. तिच्यावर बिग ब्लाइंड येतो तेव्हा तिच्या उजवीकडचा माणूस स्मॉल ब्लाइंडवर असतो. बाकीच्यांनी पानं टाकली की समोर लढायला कोणीच नाही, बिग ब्लाइंड अलगद त्याच्या पदरात. रिकामी खुर्ची स्मॉल ब्लाइंडवर असेल तर थोडा लाभ डावीकडच्याला. पण मोठा घास उजवीकडच्याचा. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला तो मिळवायचा तर आधी मधल्यांशी झुंजावं लागतं. कसिनोत शेकडो खेळाडू असतात, टेबलं बंद होत जातात, जागा बदलतात, त्यात हा फरक पुसला जातो. आमच्यासारख्या एका टेबलाच्या खेळात तो ढळढळीत दिसतो. त्यावर मला सुचलेला एकच उपाय आहे: सगळ्यांनीच अधूनमधून जागांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. रात्री अकराला हे कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

घरगुती खेळात आणखी एक प्रकार सर्रास चालतो. निघणारा म्हणतो, 'चला, शेवटचा डाव,' आणि पानं न बघता सगळ्या चिप्स मध्ये ढकलतो. दिसायला मर्दानी, पण त्या डावात ज्याला चांगली पानं आली त्याला लॉटरी आणि बाकीच्यांना ठेंगा. मित्राला चिप्स द्यायच्या हेतूने कोणी असं केलं तर कसिनोत त्याला सरळ संगनमत म्हणतात आणि शिक्षा होते. शिवाय आंधळा ऑल-इन कधीकधी जिंकतो. मग वीस हजार चिप्स घेऊन जॅकेट घातलेला माणूस दारात उभा राहतो, आणि पुन्हा तोच प्रश्न, दुप्पट आकाराचा.

खरी मजा पैसे देऊन मोकळं करण्यात आहे. किती द्यायचे?

हा प्रश्न पोकरपेक्षा कितीतरी जुना आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोली या साधूने विचारलं होतं: साठ गुणांचा चेंडूचा खेळ अर्ध्यात थांबला, एकाचे पन्नास गुण, दुसऱ्याचे वीस, तर पणाची रक्कम कशी वाटायची? त्याचं उत्तर, पाचास दोन या प्रमाणात. साठेक वर्षांनी तार्ताल्या या गणितज्ञाने त्यावर बोट ठेवलं. मग एकाचे दहा आणि दुसऱ्याचे शून्य असताना खेळ थांबला तर पहिल्याने सगळेच पैसे न्यायचे का?

कोडं सुटलं १६५४ मध्ये, पॅरिसचा ब्लेझ पास्कल आणि तुलूझचा पिएर द फर्मा यांच्या पत्रव्यवहारात. पास्कलचं उदाहरण असं. दोघांनी प्रत्येकी ३२ सोन्याची नाणी लावली, तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळी ६४. पहिल्याचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पास्कल म्हणतो, पुढचा डाव खेळला असं समजा. पहिला जिंकला तर ६४ त्याची. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२ त्याची. तेव्हा ३२ तर कुठे जात नाहीत. उरलेली ३२ अर्धी-अर्धी. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. आणि दोन-शून्य असताना थांबला असता तर? पहिला जिंकला तर ६४, हरला तर आत्ताच काढलेली दोन-एकची अवस्था, म्हणजे ४८. त्यांचा मध्य ५६. झालं काय याकडे पाठ फिरवून व्हायचं काय उरलंय याकडे बघायचं, ही ती कल्पना. संभाव्यतेचं शास्त्र याच पत्रांतून उभं राहिलं असं मानतात.

गणित इतकं पुढे गेलं तरी बेसमेंटमध्ये आपण पाचोलीच असतो. 'चिप्सच्या प्रमाणात वाटा' हे पहिलं वाक्य कोणीतरी टाकतोच. समजा तिघं उरलेत आणि चिप्स आहेत ४० हजार, २४ हजार, १६ हजार. म्हणजे ५०, ३० आणि २० टक्के. ४०० डॉलर त्या प्रमाणात वाटले तर होतात २००, १२० आणि ८०. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? ही तर बक्षिसंच. म्हणजे आघाडीवरच्याला न खेळता पहिलं बक्षीस, आणि शेवटच्याने वर जायची आशाच सोडायची! चिप्स आणखी एकवटलेल्या असतील तर या पद्धतीने आघाडीवरच्याला पहिल्या बक्षिसापेक्षाही जास्त मिळू शकतं.

पोकरमध्ये यासाठी वापरतात ते सूत्र आलं घोड्यांच्या शर्यतीतून. १९७३ साली डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने पहिल्या घोड्याच्या शक्यतेवरून दुसऱ्या-तिसऱ्याची शक्यता काढायची रीत मांडली होती. १९८० च्या दशकात पोकरवर लिहिणारे मेसन मालमुथ यांनी तोच विचार पोकरला लावला. आज त्याला आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणतात. नावाला घाबरू नका. सगळ्या ऐंशी हजार चिप्स एका पिशवीत टाका आणि डोळे मिटून एक काढा. ती ज्याची, तो पहिला. आता त्याच्या सगळ्या चिप्स पिशवीतून काढून टाका आणि उरलेल्यांतून पुन्हा एक काढा. ती ज्याची, तो दुसरा. बस.

१६ हजारवाल्याचं बघू. तो पहिला येण्याची शक्यता २० टक्के. दुसरा यायचे दोन रस्ते. ४० हजारवाला पहिला आला (५० टक्के), तर पिशवीत २४ आणि १६ उरतात, त्यात याचा वाटा ४० टक्के. म्हणजे एकूण २० टक्के. २४ हजारवाला पहिला आला (३० टक्के), तर उरतात ४० आणि १६, याचा वाटा साधारण २८.६ टक्के, म्हणजे आणखी ८.६ टक्के. बेरीज २८.६. उरलेले ५१.४ टक्के तिसऱ्या क्रमांकाचे. आता २०० चे २० टक्के, १२० चे २८.६ टक्के आणि ८० चे ५१.४ टक्के. बेरीज ११५ डॉलर आणि वर थोडी चिल्लर. तशाच रीतीने मधल्याचे १३१ आणि आघाडीवरच्याचे १५३-१५४.

फोनमध्ये आकडे टाकले की हे सेकंदात मिळतं. तेवढाही कंटाळा असेल तर आधी प्रत्येकाला ८० द्या, कारण तिसरं बक्षीस तिघांनाही पक्कंच आहे, आणि उरलेले १६० चिप्सच्या प्रमाणात वाटा. १६०, १२८, ११२. अगदी काटेकोर नाही, पण घरच्या खेळाला चालून जातं.

आता या तिघांतला १६ हजारवाला उठून गेला, त्याला तिसऱ्याचे ८० दिले आणि चिप्स पेटीत टाकल्या, असं समजा. त्याचं ३५ डॉलरचं नुकसान झालं. ते गेलं कुठे? आघाडीवरच्याची किंमत १७० झाली, मधल्याची १५०. म्हणजे पहिल्याला सोळा आणि दुसऱ्याला एकोणीस डॉलरचा फायदा. चिप्स कमी असलेल्याला जास्त! 'पेटीत टाका' ही सूचना कोण जोरात करतं, याकडे तेव्हापासून माझं लक्ष असतं.

त्याला ११५ देऊन मोकळं केलं तर उरतात २८५. इथे बहुतेक जण घसरतात. दुसऱ्याचे १२० तसेच ठेवून पहिल्याचं बक्षीस १६५ केलं, तर सगळा भार आघाडीवरच्यावर पडतो. दोघांचं आधीचं मोल जपायचं तर दुसऱ्याला ९७ आणि पहिल्याला १८८ ठेवावं लागतं. करून बघा. आघाडीवरच्याची जिंकण्याची शक्यता ६२.५ टक्के. त्याला ९७ पक्के, वर ९१ चे ६२.५ टक्के, एकूण १५४ च्या आसपास. जिथे होता तिथेच.

आणि आमचे डॉक्टर? पाच जण होते, चिप्स २८, २०, १४, १० आणि ८ हजार. पिशवीच्या हिशोबाने त्यांच्या दहा हजारांचं मोल निघालं ५८ डॉलर. आले तेव्हा दहा हजार चिप्स, गेले तेव्हाही दहा हजारच, पण तिघं बाद झाल्याने पन्नासाचे अठ्ठावन्न झाले होते. आणि मी त्यांना शून्यावर पाठवलं होतं. पन्नास परत देणाराच सत्याच्या सर्वांत जवळ होता.

पिशवीला ब्लाइंड किती वाढलेत, कोण कुठे बसलंय, कोण पट्टीचा खेळाडू आहे हे काही कळत नाही. शिवाय ती धरून चालते की माणूस बसून खेळणार आहे. उठणाऱ्याला पूर्ण ५८ द्यावेत का, यावर प्रामाणिकपणे मतभेद होऊ शकतात. मला वाटतं, बक्षिसाच्या रांगेत यायच्या आधी कोणी आपणहून निघाला तर ढीग टेबलावर ठेवून ब्लाइंड कापावेत. बक्षीस पक्कं झाल्यावर निघाला आणि सगळे तयार असतील तर आयसीएमने मोकळं करावं. कसिनोत अशी मुभा एकट्या माणसासाठी नसते. तिथे खेळ सुरू झाला की फी परत नाही, बदली खेळाडू नाही. वाटणी होते ती उरलेल्या सगळ्यांनी मिळून ठरवली तर. गोव्यात मांडवी नदीतल्या कसिनो बोटीवर टूर्नामेंट खेळायला जाणार असाल तर परतीच्या विमानाची वेळ आधी बघा. आणि घरच्या खेळाबद्दल: महाराष्ट्रात पैसे लावून बसणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याशी गाठ घालू शकतं, आणि ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला. तिकडे हाच हिशोब बिर्याणीच्या बिलावर लावता येतो.

आम्ही एक कागद लिहून बेसमेंटमधल्या फ्रिजला लावला. पुढच्या महिन्यात तिघं उरले होते, डॉक्टर सर्वांत कमी चिप्सवर, आणि फोन वाजला. कागद काढला, आकडे टाकले, डॉक्टरांनी ११५ डॉलर मोजून खिशात घातले आणि जिन्यात जाऊन फोन घेतला. दोन मिनिटांत परत आले. औषधाचं प्रमाण विचारायला नर्सने केला होता, जायची गरज नव्हती. जॅकेट काढून ते खुर्ची ओढायला लागले. तिघांनीही एकदम फ्रिजकडे बघितलं. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.